सहा गिरी आणि आम्ही घाटावरचे

मुंबईत बांधलेली पहिली फ्रिगेट म्हणजे 'नीलगिरी', असं दर नौदल दिनाला कुठे ना कुठे छापून येतं. ते वाचलं की माझ्यातला जुना वेल्डर अस्वस्थ होतो. १८१७ साली वाडियांच्या गोदीत मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' बांधली गेली. तीही फ्रिगेटच, इंग्रजी आरमारासाठी बांधलेली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत उभी आहे आणि लोक तिकीट काढून बघतात. तेव्हा 'पहिली' म्हणायचं असेल, तर स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका म्हणा. तेवढा मान नीलगिरीला पुरे आहे, आणि तो खरा आहे.

हे सांगणारा मी नारायणगावचा. गावाला मीना नदी आहे, डोक्यावर नारायणगड आहे, पूर्वेला खोडदच्या दुर्बिणी आहेत. समुद्र नाही. तरी समुद्राशी आमचं नातं जुनं. जुन्नरचा माल सातवाहनांच्या काळापासून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जायचा. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण अजून आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. आमच्या काळात माल कमी आणि माणसंच जास्त उतरली, तीही माळशेजच्या एसटीनं. १९७२च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते. घरात मिलोची तांबडी भाकर होती आणि कामावर सुकडी मिळायची. मी औंधच्या आयटीआयतून वेल्डरचं सर्टिफिकेट घेऊन आलो, तेव्हा घोडपदेवला राहणारे चुलते, तात्या, म्हणाले, "शेतीत काय ठेवलंय? माझगाव डॉकमध्ये चिकट." घोडपदेव, डॉकयार्ड रोड, रे रोड हा सगळा पट्टा तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या माणसांनी भरलेला. एका खोलीत एका गावची माणसं पाळीपाळीनं झोपायची. १९७४ साली मी डॉकच्या गेटातून आत गेलो, तेव्हा 'दुनागिरी' नुकतीच पाण्यात उतरून धक्क्याला लागली होती आणि तिच्या पोटात हजार माणसं काम करताहेत असं मला वाटलं.

त्या जहाजांचा इतिहास मात्र मला खूप नंतर, निवृत्त झाल्यावर, नीट कळला. काम करणाऱ्याला फक्त आपली फ्रेम दिसते.

स्वातंत्र्यानंतर आपलं नौदल इंग्लंडकडूनच जहाजं घ्यायचं. १९५८ ते १९६० या दोन-अडीच वर्षांत तिथून आठ नव्या फ्रिगेट आल्या. ब्रह्मपुत्रा, बियास आणि बेतवा विमानविरोधी होत्या. तलवार आणि त्रिशूल वेगवान होत्या, पाणबुड्यांच्या मागे लागणाऱ्या. आणि खुकरी, कृपाण, कुठार या तीन धाकट्या. या धाकट्या ब्लॅकवुड वर्गाच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाच्या पाणबुड्यांच्या धास्तीनं इंग्लंडनं जी जहाजं काढली, त्यांतली ही सगळ्यात काटकसरीची. लहान अंगाची, एकाच पंख्याची, आणि काम एकच, पाणबुडी शोधून मारायची. पण ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवच्या समुद्रात उलटंच झालं. पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीनं खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. पाणबुडी मारायला बांधलेलं जहाज पाणबुडीनं मारलं. तेरा वर्षांचं जहाज आणि त्याहून नव्या काळातली फ्रेंच पाणबुडी, असा तो सामना होता.

खुकरी बुडाली तेव्हा नीलगिरी माझगाव डॉकच्या धक्क्याला अपुरी उभी होती. ती नौदलात दाखल झाली ३ जून १९७२ला, युद्ध संपून साडेपाच महिने झाल्यावर.

तिची कथा सुरू होते १९६० साली. माझगावची गोदी तशी फार जुनी. १७७४ साली तिथं एक छोटी सुकी गोदी होती, पुढे ती आगबोट कंपन्यांच्या हातात गेली, १९३४ला कंपनी म्हणून नोंदली गेली. १९६०मध्ये कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना सरकारनं ती विकत घेतली, कलकत्त्याच्या गार्डन रीचसोबत. तोवर इथलं मुख्य काम दुरुस्तीचं. दुरुस्ती करणाऱ्यांकडून एकदम फ्रिगेट बांधून घ्यायची, हा निर्णय कुणी छातीचा माणूसच घेऊ शकतो. नकाशे निवडले ते इंग्लंडच्या लिअँडर वर्गाचे, आणि हात धरायला विकर्स आणि यारो या तिथल्या दोन कंपन्या घेतल्या.

निवड शहाणपणाची होती. लिअँडर म्हणजे आपल्याकडे आधीच असलेल्या तलवार-त्रिशूलच्या जातीचंच पुढचं पाऊल. तोच टाइप १२चा सांगाडा, त्यावर हेलिकॉप्टर आणि नवं रडार. दोन बॉयलर, साडेपाचशे पौंड दाबाची वाफ, दोन टर्बाइन, तीस हजार अश्वशक्ती, अठ्ठावीस नॉट वेग. इंग्लंडनं स्वतःसाठी अशी २६ बांधली. न्यूझीलंडनं दोन घेतली, चिलीनं दोन, हॉलंडनं आपल्याकडे सहा बांधली, ऑस्ट्रेलियानं आपल्या पद्धतीनं दोन. युद्धानंतरच्या जगात इतकी चाललेली दुसरी फ्रिगेट क्वचितच सापडेल. समुद्र खवळला तरी नाक खाली न घालता चालणारं जहाज, असं नौदलातले जुने लोक तिच्याबद्दल सांगायचे. मी तिच्यावर बसून समुद्र पाहिला नाही, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

२३ ऑक्टोबर १९६६ला नीलगिरीचा पाया ठेवला. बरोबर दोन वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६८ला, इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं जलावतरण झालं. आणि इथं मला थोडं कडू बोलायचं आहे. तिच्या पोटातलं बरंचसं सामान खोक्यांतून आलं होतं. टर्बाइन, बॉयलर, तोफा, सीकॅट क्षेपणास्त्रं, रडार, सोनार. आपण सांगाडा उभा केला, पत्रा जोडला आणि खोकी उघडून आत बसवली. डॉकमधले जुने फिटर हसून म्हणायचे, नीलगिरी विलायतेची, बारसं फक्त मुंबईत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण "संपूर्ण स्वदेशी" हा शब्द त्या जहाजाला लावला की ज्यांनी पुढची पाच जहाजं बांधली त्यांचं काम पुसलं जातं. कारण खरा बदल त्या पाच जहाजांत झाला.

त्यांची नावं आणि नौदलात दाखल झाल्याच्या तारखा मला अजून पाठ आहेत. हिमगिरी २३ नोव्हेंबर १९७४, उदयगिरी १८ फेब्रुवारी १९७६, दुनागिरी ५ मे १९७७, तारागिरी १६ मे १९८०, विंध्यगिरी ८ जुलै १९८१. सहाही नावं डोंगरांची. शिवनेरीच्या मुलखातल्या पोराला त्याचं कौतुक वाटायचं. तात्या मात्र विचारायचे, "एखादी नारायणगिरी का नाही काढत?"

आता काम कसं चालायचं ते सांगतो, कारण पुस्तकांत हे कमी येतं.

जहाजाचा नकाशा कागदावर असतो, पण पत्रा कापायचा तर माप खऱ्या आकारात लागतं. त्यासाठी मोल्ड लॉफ्ट. मोठ्या मंगल कार्यालयापेक्षा लांब, गुळगुळीत फरशीचा हॉल. त्या फरशीवर जहाजाची प्रत्येक फ्रेम, प्रत्येक वळण, खऱ्या मापात आखायचं. तिथून लाकडी फर्मे बनायचे. ते फर्मे घेऊन प्लेटर पत्र्यावर खुणा करायचा. मग कापणी, मग रोलवर वाकवणं, मग आमच्याकडे. लॉफ्टमधली माणसं अनवाणी चालायची आणि फार कमी बोलायची. एक रेघ चुकली तर शंभर पत्रे चुकणार.

लिअँडरचं अंग रिव्हेटचं नव्हतं, सगळं वेल्डिंगचं. आणि युद्धनौकेचा पत्रा व्यापारी जहाजापेक्षा पातळ, कारण वजन वाचवायचं. पातळ पत्रा गरम झाला की ओढला जातो, वाकतो, लाटा उठतात. म्हणून वेल्ड सरळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कधीच मारायचा नाही. मधून बाहेर जायचं, थोडं मागे येऊन पुढे, पुन्हा मागे. दोन्ही बाजूंना दोन वेल्डर, एकाच वेळी, एकाच गतीनं. दुसऱ्या बाजूचा माणूस मला दिसायचा नाही, मध्ये पत्रा. हातोडीच्या ठोक्यांवरून कळायचं तो कुठं पोचला. मग वरची खपली उडवायची, ब्रश मारायचा, पुन्हा दुसरा थर. पावसाळ्यात रॉड भट्टीत तापवून, डब्यात बंद करून न्यायचे. मुंबईची ओल रॉडमध्ये शिरली की वेल्डच्या आत बारीक भोकं पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण क्ष-किरणाच्या फिल्मवर येतात. फिल्म नापास झाली की आख्खा वेल्ड खरवडून काढायचा आणि परत मारायचा. फिल्म बघणारा माणूस कँटीनमध्ये एकटा जेवायचा.

दुहेरी तळाच्या खोक्यात शिरून डोक्यावरचा वेल्ड मारणं हे सगळ्यात वाईट काम. आत गुडघ्यावर, धूर, ठिणग्या मानेत. तिथं घाटावरच्या पोरांना जास्त पाठवायचे, कारण आमची अंगं किडकिडीत होती. दुष्काळानं तेवढा एक फायदा केला.

याच जहाजांवर एकामागून एक गोष्टी बदलत गेल्या. नंतरच्या जहाजांवर इंग्रजी रडारच्या जागी हॉलंडच्या सिग्नाल कंपनीची यंत्रणा आली. देशातल्या कारखान्यांचं सामान वाढत गेलं. आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरनं पुढे नौदलासाठी मोठाले गिअरबॉक्स बनवले. साखर कारखान्याची यंत्रं बनवणारं गाव युद्धनौकेचे दाते कापू लागलं, हे मला जलावतरणाच्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

सगळ्यात मोठा बदल तारागिरी आणि विंध्यगिरीवर झाला, आणि त्यात माझेही हात आहेत. लिअँडरचा हेलिकॉप्टरचा डेक मूळचा छोट्या वास्प हेलिकॉप्टरसाठी, अडीच टनांच्या. आपण त्यावर चेतक ठेवायचो, तेही तेवढंच. पण पाणबुडी शोधायला नौदलाला सी किंग हवं होतं, आणि सी किंगचं वजन नऊ टनांच्या घरात. म्हणजे तीन-चार पट. इंग्रजांनी लिअँडरवर ते कधी ठेवलं नव्हतं. इथं ठेवायचं ठरलं. त्यासाठी मागच्या बाजूची पाणबुडीविरोधी लिंबो तोफ काढली आणि तिचा खड्डा बुजवून डेक मोठा केला. पाणबुडीवर मारायला पुढच्या बाजूला बोफर्सचे रॉकेट लाँचर आले. हेलिकॉप्टरची खोली दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी केली, आणि डोलत्या डेकवर हेलिकॉप्टर खाली ओढून धरायची यंत्रणा कॅनडाहून आणली. नकाशे दर आठवड्याला बदलून यायचे. काल लावलेला ब्रॅकेट आज कापायचा. आम्ही शिव्या द्यायचो. पण इंग्रजांच्या नकाशावर पहिल्यांदा आपल्या लोकांनी मोठी काट मारली ती तेव्हा.

म्हणूनच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नीलगिरी पाण्यात उतरल्यापासून नौदलात जायला तीन वर्षं सात महिने लागले. विंध्यगिरी १२ नोव्हेंबर १९७७ला पाण्यात उतरली आणि ८ जुलै १९८१ला गेली, म्हणजे जवळपास तेवढेच. वरून बघणारा म्हणेल, सहा जहाजं बांधून यांनी काय शिकलं? एकच जहाज सहा वेळा बांधलं असतं तर वेळ कमी झाला असता. आम्ही सहा वेगळी बांधली.

त्या शिक्षणाचं फळ 'गोदावरी'. लिअँडरचाच सांगाडा ताणून ११३ मीटरवरून १२६ मीटरवर नेला, एकाऐवजी दोन सी किंग, रशियाची क्षेपणास्त्रं, पश्चिमेकडची रडारं, आणि वाफेची शक्ती तीच तीस हजार. तरी वेग जवळपास तसाच राहिला. १० डिसेंबर १९८३ला ती नौदलात गेली. तिचा नकाशा दिल्लीत नौदलाच्या रचना विभागात बनला. रशियन आणि इंग्रजी सामान एका जहाजात नांदवायचं, ही कल्पना तेव्हा बाहेरच्यांना वेडेपणाची वाटली होती.

आता जलावतरणाबद्दल. आमच्याकडे अवसेला कुणी घराबाहेर पडत नाही, नवं काम तर नाहीच. मी एकदा तात्यांना म्हणालो, तारागिरी सोडायचीय, आणि नेमकी दिवाळीतली अवस होऊन गेल्यावर लगेच. तात्या म्हणाले, "एवढे शिकलेले लोक, पंचांग बघत नाहीत का?" आमचे मेस्त्री रत्नागिरीकडचे. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघतात रे, पण ते वेगळं पंचांग असतं." ते म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक.

उतारावरून जहाज मागच्या बाजूनं सरकत पाण्यात जातं. उताराच्या टोकाशी पाणी कमी असेल तर मागचा भाग तरंगायच्या आतच टोकावरून खाली कलतो, सगळा भार त्या टोकावर येतो आणि पोट फाटतं. म्हणून उधाणाची भरती लागते, मुंबईत तेव्हा पाणी चौदा-पंधरा फूट चढतं. आणि उधाण येतं ते अमावस्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ. निवृत्त झाल्यावर मी सहाही तारखा जुन्या पंचांगांशी ताडून पाहिल्या. नीलगिरी २३ ऑक्टोबर १९६८, दिवाळीची अमावस्या नुकतीच झालेली. हिमगिरी ६ मे १९७०, अमावस्येचा दुसरा दिवस. उदयगिरी २४ ऑक्टोबर १९७२, कोजागरी होऊन गेलेली. दुनागिरी ९ मार्च १९७४, फाल्गुन पौर्णिमा आदल्या दिवशी. तारागिरी २५ ऑक्टोबर १९७६ आणि विंध्यगिरी १२ नोव्हेंबर १९७७, दोन्ही दिवाळीच्या अमावस्येनंतर. गोदावरी १५ मे १९८०, पुन्हा अमावस्येचा दुसरा दिवस. एकही अपवाद नाही. नारळ फुटायचा, गुलाल उडायचा, पण मुहूर्त चंद्राचा.

या सहांनी मोठी लढाई लढली नाही. पाकिस्ताननंही १९८८ साली इंग्लंडकडून दोन जुन्या लिअँडर घेतल्या, त्यांना झुल्फिकार आणि शमशेर अशी नावं दिली. म्हणजे एकाच नकाशाची भावंडं समुद्राच्या दोन बाजूंना. सुदैवानं ती कधी एकमेकींवर चालून गेली नाहीत. लिअँडर खरी वापरली गेली ती इंग्रजांकडून, आइसलँडच्या मासेमारीच्या भांडणात आणि फॉकलंडच्या युद्धात.

नीलगिरी १९९६मध्ये निवृत्त झाली आणि १९९७च्या एप्रिलमध्ये आपल्याच सी हॅरिअर विमानाच्या क्षेपणास्त्राचं निशाण म्हणून बुडवली. हिमगिरी २००५, उदयगिरी २००७, दुनागिरी २०१०, तारागिरी २०१३. विंध्यगिरीचं मात्र वेगळं झालं. ३० जानेवारी २०११, रविवार. नौसैनिकांची कुटुंबं घेऊन ती समुद्रावरून फिरून परत येत होती. मुंबई बंदराच्या तोंडाशी नॉर्डलेक या मालवाहू जहाजाची तिला धडक बसली. माणसं सगळी वाचली. पण आग लागली, विझवायला मारलेलं पाणी पोटात साचलं आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बसली. सोमवारी सकाळच्या पाळीला जुने वेल्डर कुठल्या बल्कहेडवर कुणी वेल्ड मारला होता यावर वाद घालत होते. वेल्डचा काही संबंध नव्हता, पण वाद घातल्याशिवाय राहवेना. पुढे तिला वर काढली, आणि २०१२मध्ये नौदलानं तिला निरोप दिला.

सहांतली एकही जपली नाही. खुकरीच्या नावाची पुढची नौका माझगाव डॉकनंच १९८९मध्ये दिली होती, ती आता दीवला स्मारक म्हणून आहे. गिरींतली एखादी मुंबईत ठेवली असती तर पोरांना मोल्ड लॉफ्टची गोष्ट सांगायला काही दाखवता आलं असतं. हार्टलपूलला जमलं ते आपल्याला जमायला हवं होतं.

नावं मात्र परत आली. नव्या नीलगिरी वर्गाची जहाजं माझगाव डॉक आणि गार्डन रीच यांनी मिळून बांधायला घेतली. १४९ मीटर लांबी, ६,६७० टन, वाफेऐवजी गॅस टर्बाइन आणि डिझेल. ठोकळे वेगवेगळे बनवून नंतर जोडायचे. पोलाद देशातलंच, डीएमआर २४९ नावाचं. आता लॉफ्टची फरशी संगणकाच्या पडद्यावर असते. नवी नीलगिरी २८ सप्टेंबर २०१९ला पाण्यात उतरली, सर्वपित्री अमावस्येला. ते वाचून मी हसलो, तात्या असते तर हसले नसते.

नवी तारागिरी उतरायची होती ११ सप्टेंबर २०२२ला. इंग्लंडची राणी एलिझाबेथ नुकतीच गेली होती आणि त्याच दिवशी भारतात राष्ट्रीय दुखवटा होता. समारंभ रद्द झाला. पण जहाज थांबवता येईना, कारण भरतीची वेळ ठरलेली होती. भाषणांशिवाय, फक्त तांत्रिक काम म्हणून, पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी ते पाण्यात सोडलं. त्या वेळी त्या रिकाम्या सांगाड्याचं वजन होतं ३,५१० टन. आमची जुनी तारागिरी दारूगोळा, तेल आणि माणसं भरून तीन हजाराला टेकत नव्हती.